बोटभर उतार

भूमिकाने बटण दाबलं आणि पडद्यावर भाईंदरचं मिठागर आलं. उंचावरून काढलेला फोटो, ओळीने मांडलेले पाण्याचे चौकोन.

"हे आपोआप झालंय असं म्हणाल का?" तिने विचारलं. "या वाफ्यांचा उतार बोटभर चुकला असता, तर मीठ धरलंच नसतं. विश्वाचंही तसंच. गुरुत्वाकर्षण तसूभर कमीजास्त असतं, तर ना तारे झाले असते, ना आपण. इतकं मोजूनमापून आखलंय, म्हणजे आखणारा कुणीतरी असणारच!"

मीरा रोडच्या कॉलेजातला वादविवाद होता: विश्व आखलेलं की आपोआप घडलेलं? टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत बसलेल्या तिच्या आजोबांनी, पुंडलिकांनी, जरा जास्तच वाजवल्या. उताराची गोष्ट त्यांचीच होती. रविवारी तासभर फरशीवर पाणी सांडून त्यांनी नातीला ती दाखवली होती. "बोटभरच, जास्ती न्हाय," असं दहादा बजावलं होतं. आता आपलं नाव येणार म्हणून त्यांनी कॉलर सारखी केली.

"कुण्या अज्ञात हातांनी हे वाफे आखले," भूमिका म्हणाली. "ते हात कुणाचे, आपल्याला ठाऊक नाही."

अज्ञात! पुंडलिकांची कानशिलं तापली. चौतीस वर्षं खाऱ्या चिखलात पाय कुजवले, फुटलेले बांध भर उन्हात पुन्हा थापले, आणि रोज शेजारी बसून जेवणाऱ्या पोरीच्या लेखी अज्ञात? तारे कुणी केले ते हिला ठाऊक, आणि भाईंदरचे वाफे कुणी केले ते नाही! त्यांना तिचा संताप आला, तिच्या कडक इस्त्रीच्या ब्लेझरचाही आला.

विरोधी बाजूचा नीरज उठला.

"आखणारा आहे म्हणता ना? मग आहे कुठे तो? एवढं सगळं त्याने केलंय, तर समोर का येत नाही?"

पुंडलिक खुर्चीचा हात धरून अर्धवट उठलेच. 'मी हाय' अगदी ओठांवर आलं होतं.

मंचावरून भूमिका त्यांच्याकडेच बघत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पुढच्या रांगेतल्या मैत्रिणींकडे तिने एकदा पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे, आणि मान जराशीच हलवली. नको.

"क्या हुआ, अंकल?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"कुछ नहीं."

ते खाली बसले.

नीरजने सभागृहभर नजर फिरवली.

"बघा," तो म्हणाला. "कुणीच नाही."