मांडीतली पुंगळी

'ते आनाऊ' या गावचा खाटीक हेमी गिऱ्हाइकांची हरणं बदलतो, असा डेस्मंडला दाट संशय होता. आपण कोवळं हरीण मारून आणायचं आणि खायचा कुणाचा तरी म्हातारा चिवट नर! म्हणून या खेपेला त्यानं हरणाच्या मांडीत काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी खोल खुपसली आणि मगच ते सॉसेज करायला दिलं.

आठवड्यानं त्यानं घरी आणलेलं एकूण एक सॉसेज चिरून पाहिलं. पितळेचा कणही नव्हता. तो तणतणत दुकानात शिरला.

"चोरा, माझं हरीण कुठंय?"

"तुझीच वाट बघत होतो," म्हणत हेमीनं चेपलेली पुंगळी समोर ठेवली आणि शेजारी खिम्याच्या यंत्राचं तुटलेलं पातं. "हरीण तुझंच होतं, डेस. पुढचं मात्र दातांनी फाडून खा."