झबल्यावरचं इंजिन

मंगळवारी सकाळी थॅकवे साहेबांनी गोदामातून चौतीस सालचं ड्रॉइंग मागवलं आणि एनिड प्रॅटलीनं शाईची लेखणी खाली ठेवली. कारण ते ड्रॉइंग गोदामात नव्हतंच. ते तिच्या गल्लीत होतं, आणि येत्या रविवारी ग्लॅडिस टेडस्टोनच्या नातवाच्या अंगावर चढणार होतं.

बॅस्कॉट मोटर्समध्ये वरच्या मजल्यावर पुरुष पेन्सिलीनं कागदावर इंजिनं काढत आणि खालच्या लांबट खोलीत बायका तीच इंजिनं शाईनं कापडावर उतरवत. कापड अस्सल लिननचं, तलम, वर खळ चढवून काचेसारखं कडक केलेलं. एखादं काम बारगळलं की त्यावर जांभळा शिक्का बसे, ‘रद्द’, आणि कापड बायकांच्या वाट्याला येई. घरी नेऊन सोडा घालून उकळायचं. खळ सुटायची, शाई सुटायची, आणि उरेल त्याचे रुमाल, उशांचे अभ्रे, पोरांची झबली व्हायची. इंग्लंडातल्या त्या कॉव्हेंट्री गावात अशी पुष्कळ इंजिनं होती, जी रस्त्यावर कधी धावली नाहीत, पण लोकांची नाकं मात्र त्यांनी इमानेइतबारे पुसली.

एनिड त्या खोलीची प्रमुख. सत्तेचाळीस वर्षांची, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आणि रेघ अशी ओढणारी की वरच्या मजल्यावरची पोरं आपली चूक तिच्या शाईत बघितल्यावर लाजत. थॅकवे साहेबांचं प्रत्येक इंजिन तिच्याच हातून कापडावर उतरलं होतं. चौतीस सालचंही.

त्या इंजिनाची कथा साऱ्या कारखान्याला पाठ होती, कारण साहेब ती कुणालाही ऐकवत. सरकार तेव्हा मोटारीवर कर बसवायचं तो सिलिंडरच्या तोंडाच्या रुंदीवरून. खोली कितीही असो, ती फुकट. मग काय, सगळ्या देशाची इंजिनं अरुंद आणि खोल झाली, आपल्या गल्लीतल्या घरांसारखी, समोर एक खिडकी आणि मागे लांबच लांब. चढावर ती बिचारी जीव तोडून गाडी ओढायची, पण सरळ रस्त्यावर तासभर पळवली की त्यांना धाप लागायची. थॅकवे साहेबांनी म्हणे कराला जुमानलं नाही. आखूड, रुंद, ऐसपैस श्वास घेणारं इंजिन काढलं. जुन्या मालकांनी ते पाहिलं आणि विचारलं, “याचा कर कोण भरणार, तुझा काका?” झालं, शिक्का बसला. तेव्हापासून लोक जसं पहिल्या प्रेमाबद्दल बोलतात तसं साहेब बोलायचे, “माझं चौतीस सालचं इंजिन.”

आता लढाई संपून तीन वर्षं होत आली होती. गाड्या परदेशी धाडल्या तरच सरकारकडून पोलाद मिळत होतं, आणि ऑस्ट्रेलियातल्या त्या न संपणाऱ्या रस्त्यांवर हडकुळी इंजिनं मान टाकत होती. त्यातच या जानेवारीपासून रुंदीवरचा कर गेला. मॅनेजिंग डायरेक्टर कॉर्बिशली यांनी साहेबांना बोलावून सांगितलं, “तयार ड्रॉइंग असेल तर तुमचं इंजिन करू. नसेल, तर शेजारच्या मोठ्या कंपनीकडून इंजिनं विकत घेऊ. कोऱ्या कागदापासून सुरुवात करायला मला सवड नाही. सोमवारी बैठकीत काय ते ठरेल.”

इंजिनं विकत आली की वरच्या मजल्याला काम उरणार नव्हतं. आणि वरचा मजलाच नाही म्हटल्यावर खालची खोली कशाला? पण एनिडला त्याहून जास्त टोचत होता तो साहेबांचा चेहरा. मंगळवारपासून त्यावर वीस वर्षांच्या पोरासारखी लाली होती. पेन्सिलीचे मूळ कागद चाळीसच्या नोव्हेंबरातल्या बॉम्बहल्ल्यात अर्ध्या गावाबरोबर जळून गेले होते. पण साहेबांना वाटत होतं, कापड गोदामाच्या तळघरात आहे, नीट शोधलं की सापडेल.

गोदामवाला तीन दिवस धूळ खात शोधत राहिला. शुक्रवारी चहाच्या वेळी एनिड वर गेली.

“साहेब, जरा बोलायचं होतं.”

“शाई संपली का, मिस प्रॅटली?”

“नाही. ते चौतीस सालचं ड्रॉइंग माझ्याकडे आहे. म्हणजे होतं. म्हणजे, आहे, पण धुतलेलं आहे.”

साहेबांनी कप खाली ठेवला. “धुतलेलं म्हणजे?”

“उकळलेलं. सोडा घालून. त्याचं मी झबलं शिवलं, बाप्तिस्म्याचं. बहिणीच्या मुलीसाठी शिवलं होतं. मग गल्लीत ज्याला त्याला लागायला लागलं.”

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली भट्टीखान्याच्या दारात माणसं डबे उघडून बसली होती.

“मीच दिलं होतं ना ते तुम्हाला?” ते हळूच म्हणाले.

“हो.”

“काय म्हणालो होतो देताना?”

“म्हणालात, घ्या, पडदे शिवा याचे.”

“आणि तुम्ही झबलं शिवलंत.”

“पडद्याला पुरलं नसतं साहेब.”

त्यांना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. “सगळं गेलं? रेघ अन् रेघ?”

“कोरं नाही झालं. माझी शाई जरा हट्टी असते. उजेडाला धरलं की दिसतं. शिक्का तर मुळीच गेला नाही. तो नेमका बसायच्या जागी येतो, म्हणून वरून झालर लावलीय.”

साहेब उठून उभेच राहिले. “मग अजून आहे की ते! द्या मला. आज संध्याकाळी द्या.”

पण ग्लॅडिसनं ते कुठलं द्यायला. तिनं झबल्याला इस्त्री करून, कागदात गुंडाळून, कपाटाच्या माथ्यावर ठेवलं होतं. “रविवारनंतर ने की,” ती म्हणाली. “आमच्या डेरिकला काय उघडा नेऊ चर्चमध्ये? तुझ्या साहेबाला एवढी हौस असेल तर चहाला घेऊन ये.”

म्हणून रविवारी दुपारी थॅकवे साहेब हातात टोपी धरून टेडस्टोनांच्या पुढच्या खोलीत उभे राहिले. बाप्तिस्मा नुकताच उरकला होता. टेबलावर डब्यातल्या सामन माशाची सँडविचेस होती, अख्ख्या गल्लीच्या रेशनच्या साखरेतून जमवलेला केक होता, आणि ख्रिसमसपासून दडवून ठेवलेला पीचचा डबा ग्लॅडिस दंगल आवरणाऱ्या पोलिसासारखी सांभाळत होती.

“एनिड,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणाली, “शेवटी एक गावला म्हणायचा तुला!”

“ऑफिसातले आहेत. गप बस.”

“मी कुठं काय म्हणाले? टोपी तर चांगली आहे.”

डेरिकची आई रीन भली पोरगी. तिनं बाळाला खांद्यावर घेतलं आणि ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बाप्तिस्म्याचं झबलं बाळाच्या दुप्पट लांब असतं, पायाखाली नुसता घोळच घोळ. एनिडनं तो घोळ दोन्ही हातांनी खिडकीच्या काचेवर पसरला. एप्रिलचं ऊन त्यातून आत आलं, आणि पांढऱ्या कापडात हळूहळू राखाडी रेघा उमटल्या. दोन सिलिंडर शेजारी शेजारी, आत दट्टे, वर झडपा. एक झडप झालरीखाली अर्धी कापली गेली होती.

साहेबांनी खिशातून कंपास काढला.

“अहो, हे काय?” ग्लॅडिस ओरडली. “माप कसलं घेताय? चांगलं धडधाकट पोर आहे आमचं!”

“बाळाचं नाही आई, झबल्याचं घेतायत,” रीन म्हणाली. “पण टोक बाजूला धरा हं साहेब, हा पाय मारतो.”

साहेबांनी सिलिंडरच्या रुंदीवर कंपास ठेवला. मग ती रुंदी खोलीवर मोजून पाहिली. पुन्हा पाहिली. शेजारच्या सिलिंडरवर पाहिली. दोन्हीकडे रुंदी खोलीपेक्षा कमीच भरली.

“कापड आटलंय,” ते म्हणाले.

“आटलंय.”

“रुंदीत आटलं असणार.”

एनिडला उत्तर द्यायचं नव्हतं. पण कापडाच्या बाबतीत तिला खोटं बोलता येत नसे. “लांबीतच जास्त आटतं साहेब. रुंदीत थोडंसं.”

म्हणजे उकळण्याआधी ते याहूनही उंच होतं, याहूनही हडकुळं. साहेबांना ते कळलं, हे तिला त्यांच्या खाली गेलेल्या मानेवरून कळलं. तिलाही धक्का बसला होता. ही रेघ अन् रेघ तिनं स्वतः ओढली होती, आणि तरी इतकी वर्षं त्यांचं ऐकून ऐकून तिच्याही डोळ्यांपुढे एक गुबगुबीत, ऐसपैस इंजिन उभं होतं. काचेवर होतं ते रोजच्यासारखंच एक उंच इंजिन, कंबरेत अर्ध्या बोटानं सैल केलेलं.

“काय, हवं ते नाही का मिळालं?” ग्लॅडिसनं विचारलं.

“मिळालं,” साहेब म्हणाले. “लहान निघालं.”

“असंच असतं. आमचा हा पहिल्या लढाईवरून परत आला ना, तेव्हा मी स्टेशनात त्याच्या शेजारून निघून गेले. माझ्या डोक्यातला चांगला हातभर उंच होता. बसा. पीच खाऊन जा.”

तिनं आपल्या हातानं त्यांच्या बशीत दोन फोडी वाढल्या, हा त्या घरातला मोठाच मान होता. साहेब बसले. बळेबळे एक फोड खाल्ली. डेरिकला कुणीतरी त्यांच्या मांडीवर ठेवलं, तेही त्यांनी खळखळ न करता धरलं, आणि थोड्याच वेळात चौतीस सालच्या इंजिनासकट त्यांची पँट ओली झाली.

एनिड त्यांना बसच्या थांब्यापर्यंत सोडायला गेली.

“चौदा वर्षं मी सांगत आलो, मला अडवलं म्हणून,” ते चालताना म्हणाले. “मालकांनी अडवलं, सरकारनं अडवलं. आणि कुणी अडवायच्या आधी मी स्वतःच असं काढलं होतं. कराचा माणूस काय मनगटावर येऊन बसला होता माझ्या?”

“तेव्हा सगळ्यांच्याच बसला होता.”

“तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलताय.”

“हो,” एनिड म्हणाली. “पण खोटं नाही ते.”

“उद्या कॉर्बिशलींना काय सांगू?”

“खरं सांगितलंत तर इंजिनं विकत घेतील.”

“खोटं सांगून काय दाखवू? ओलं झबलं?”

बस आली. कंडक्टरनं घंटा वाजवली. साहेब पायरीपाशी गेले आणि तिथंच थबकले.

“मधे पाणी फार आहे,” ते म्हणाले.

“काय?”

“दोन सिलिंडरांच्या मधे, ते गार ठेवायला सोडतो ते. ते कंपासात धरलं तेव्हा दिसलं. आणि आपल्या चालू इंजिनात तर त्याहून जास्त जागा आहे. रोज समोर असतं, पण त्याच्याकडे मी कधी नीट बघितलंच नाही. बघावंसंच वाटलं नाही. वाटायचं, हे आपलं नव्हे, आपलं ते गोदामात आहे.”

“साहेब, बस गेली.”

“जाऊ दे. भिंती एकमेकींना चिकटवल्या तर? जोड्या करायच्या, दोन-दोनाच्या. मधलं पाणी काढायचं, वरून खालून फिरवायचं. छिद्रं मोठी, पण त्यांचे मध्य जागच्या जागी, म्हणजे कारखान्यातल्या मशिनी त्याच.” त्यांनी आजूबाजूला पाहिलं. “कागद आहे का?”

एनिडच्या पर्समध्ये फक्त चर्चमधली स्तोत्रांची चिठ्ठी होती. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला त्यांनी चार वर्तुळं काढली. पहिली दोन लहान आली, सवयीनं. त्यांनी ती खोडली आणि मोठी काढली, इतकी मोठी की एकमेकांना टेकली. पुढच्या बसची वेळ होईपर्यंत ती त्यांची टोपी धरून उभी राहिली.

सोमवारी बैठकीत साहेब म्हणाले, “ड्रॉइंग सापडलं. ते चांगलं नव्हतं.” कॉर्बिशलींच्या टायपिस्टनं खाली येऊन सांगितलं, की आत इतकं सामसूम झालं, कुणाच्या तरी पोटातलं गुरगुरणं बाहेर ऐकू आलं. मग साहेबांनी नवी वर्तुळं पुढे केली. कॉर्बिशलींनी त्यातलं ‘मशिनी त्याच’ एवढंच ऐकलं असावं. शरद ऋतूपर्यंत मुदत मिळाली, आणि विकत घ्यायची बोलणी तोवर लांबणीवर पडली.

इंजिनाचा पहिला लोखंडी ठोकळा ओतला तो सिलिंडरांच्या जोडभिंतीतच तडकला. दुसरा पाणी गाळायला लागला. त्या दिवसांत खालच्या खोलीत बायका दुसरीकडे कुठं ट्रेसर, म्हणजे ड्रॉइंग रेखणाऱ्या, हव्यात याची हळू आवाजात चौकशी करत. एनिड तीच तीच भिंत पुन्हा पुन्हा रेखत होती, कधी केसभर जाड, कधी वरच्या बाजूला जरा फुगवून. तिसऱ्या ठोकळ्यानं धीर धरला.

ऑक्टोबरात त्याचं इंजिन चाचणीच्या खोलीत बाकावर चढलं. साहेबांनी एनिडला बोलावून घेतलं. ट्रेसिंगच्या बाईला तिथं कधी कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून चाचणीवाल्या रेगनं आधी एका खुर्चीवरचं तेल पुसलं आणि मग तीच खुर्ची जास्त घाण झाली म्हणून दुसरी आणली. इंजिन सुरू झालं. रेगनं वेग वाढवत नेला, जुन्या इंजिनानं धाप टाकली असती तिथवर, आणि तिथंच धरून ठेवला. खिडकीची काच थरथरत होती. तासभर कुणी काही बोललं असतं तरी ऐकू आलं नसतं.

रेगनं बंद केलं तेव्हा कानात नुसती शांतता वाजत राहिली.

“हे काही ते इंजिन नव्हे,” साहेब म्हणाले.

“नाही,” एनिड म्हणाली.

“त्याच्यापेक्षा रुंद आहे.”

“बरंच.”

साहेबांनी तापलेल्या ठोकळ्याजवळ हात नेला, चटका बसेल म्हणून मागे घेतला, आणि मग रेगला म्हणाले, “चहा घेऊ या का? आणि मग पुन्हा लावा. या वेळी जरा जास्त वेळ.”