उगाच दिलेला शह

बुद्धिबळाच्या जगज्जेत्याला मी प्रत्यक्ष एकदाच पाहिलं, त्याला आता एकेचाळीस वर्षं झाली. नगर वाचनालयाच्या सभागृहात तो एकाच वेळी तीस जणांशी खेळायला आला होता आणि त्या तिसांत आम्ही दोघे भाऊ शेजारीशेजारी बसलो होतो. दोघेही हरलो. दादा सव्वीस चालींत, मी एकतीस चालींत. त्या पाच चालींच्या जोरावर मी घरी येताना ताठ मानेने चालत होतो, असं दादा पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

तो प्रत्येक पटापुढे दोन-तीन सेकंद थांबायचा, मोहरं उचलून ठेवायचा आणि पुढे जायचा. चेहऱ्यावर विचार केल्याची खूण नाही. अठराव्या चालीला त्याने माझ्याविरुद्ध घोडा मागे घेतला होता. त्यात मोठा डाव असणार म्हणून मी घामाघूम झालो. खेळ संपल्यावर, कसा कोण जाणे, मला धीर आला आणि मी त्याला त्याचं कारण विचारलं. तो म्हणाला, "तिथे त्याला काही काम नव्हतं."

त्याचे डाव असेच होते. टाळी वाजवावी असं त्यात काही नसायचं. वाचताना वाटायचं, ही चाल मीही केली असती. मग पुढचीही केली असती. अशा पस्तीसेक चाली होतात, समोरचा डाव सोडतो, आणि त्याचं चुकलं कुठे हे काही केल्या सापडत नाही. दादा कारखान्यात लेथवर टर्नर होता. तो म्हणायचा, हा माणूस आमच्याकडे असता तर पहिल्याच कापात माप धरणारा निघाला असता, दुसऱ्यांदा घासायला जागाच ठेवली नसती.

मी मात्र वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी करण्यात नोकरी घालवली आणि निवृत्तीनंतर अकरा वर्षं त्या माणसाच्या डावांवर पुस्तक लिहीत बसलो. एका डावावरच्या टिपा वाचायला दिल्या तेव्हा दादाने कागद हातात तोलले. "चाळीस चाली त्याच्या आणि चौदा पानं तुझी," तो म्हणाला. "पंडित, हे वाचून तो बिचारा खेळायचं सोडून देईल." पंडित हे त्याने मला लहानपणीच ठेवलेलं नाव. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी कधी ठरवू शकलो नाही.

दादाच्या पोटात गाठ निघाली आणि पहिलं ऑपरेशन झालं. महिन्याभराने सर्जनने मला आणि पुतण्याला खोलीत बोलावलं. रोग पसरला होता. दुसरं ऑपरेशन करता येईल, त्याने तीन-चार आठवडे जास्त मिळतील, वेदना थोड्या कमी राहतील, पण पेशंट परत घरी जाईल असं मी म्हणणार नाही, असं त्याने सांगितलं. गुरुवारी सकाळची वेळ ठरली. संमतीच्या कागदावर दादाची सही मंगळवारी संध्याकाळपर्यंत हवी होती.

बाहेरच्या बाकावर वहिनी बसली होती. पुतण्याने तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे पाहून बजावलं की यातलं अक्षरही दादांना कळता कामा नये. त्यांनी हाय खाल्ली तर त्याला जबाबदार तुम्ही. मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. अवघड गोष्ट तोंडावर सांगणं मला कधीच जमलेलं नाही. आता न सांगण्याला परवानगीच मिळाली होती.

पण दादाला इस्पितळाचा मनस्वी तिटकारा होता. त्याचा कारखान्यातला जोडीदार नळ्या लावलेल्या अवस्थेत दोन महिने पडून गेला, तेव्हापासून तो म्हणत असे, मला माझ्या खाटेवर मरू द्या. आता तो सही करणार होता ती बरा होऊन घरी जाण्यासाठी. घरच्या जिन्याला कठडा बसवायचा, त्याची मापंसुद्धा त्याने पुतण्याकडून मागवली होती.

मंगळवारी दुपारी मी नेहमीसारखा पट घेऊन गेलो. वॉर्डात पाच खाटा होत्या, दादाची खिडकीजवळची. वहिनी घरी कपडे आणायला गेली होती. जेवणाच्या सरकत्या टेबलावर मी पट मांडला. दादा पडल्यापडल्या खेळत होता. हात पोहोचेना तेव्हा तो घर सांगायचा आणि मी त्याचं मोहरं हलवायचो.

आम्ही जवळजवळ साठ वर्षं खेळत आलो, पण एकमेकांना कधी चाल माफ केली नाही. त्याला ताप असो, मला मुलाखत असो. तो आमच्यातला एकमेव कडक नियम होता.

तासाभरात पटावर दोघांचा एकेक हत्ती उरला, त्याची दोन प्यादी, माझी तीन. माझं एक प्यादं बरंच पुढे गेलेलं. माझा राजा एक घर पुढे सरकवला की झालं, ते प्यादं वजीर होणार. नवशिक्यालाही दिसलं असतं. जगज्जेत्याने तर टेबलाजवळ न थांबता ती चाल केली असती.

मी दादाकडे पाहिलं. त्याची मान उशीवर एका बाजूला कलली होती आणि तो पटाकडे असं बघत होता, जणू त्याला दुसरं काही दिसतच नाही. हा बहुधा आमचा शेवटचा डाव, हे त्याला माहीत नव्हतं, मला होतं. मी राजाला हात लावला नाही. हत्ती उचलून त्याला शह दिला.

शह कसला, त्याचा राजा मी स्वतःच माझ्या प्याद्याकडे ढकलला. पुढच्या चालीत ते पडणार होतं. दिसला म्हणून शह देऊ नये, हे मला दादानेच दहाव्या वर्षी शिकवलं होतं, आणि त्यावर मी माझ्या पुस्तकात अख्खं प्रकरण लिहिलं होतं.

दादाने प्याद्यावर नजर रोखली. मला वाटलं, तो प्यादं कसं मारायचं ते मोजतोय.

"डॉक्टर काय म्हणाला?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, कशाबद्दल.

"तू मला डाव सोडतोयस. का सोडतोयस?"

मी बोलायला लागलो. नजरचूक झाली म्हणालो, चष्म्याचं सांगितलं, मग ऑपरेशनांबद्दल हल्ली किती वेगवेगळी मतं आहेत, वयाचा प्रश्न असतो, दोन्ही बाजूंनी विचार करावा लागतो, असं काहीबाही. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा मान वळवून ऐकत होता. दादाने मला संपवू दिलं नाही.

"पंडित, टिपा नकोत. चाल सांग."

मी म्हणालो, "तू बरा होणार नाहीस. हे ऑपरेशन केलं तर थोडं जास्त जगशील, पण इथेच."

एवढंच. दोन वाक्यं. आयुष्यात मी इतकं साधं कधी बोललो नव्हतो, आणि बोललो तेव्हा मला अभिमान वाटला हे लिहायची आजही लाज वाटते.

दादाने शह मागे घ्यायला लावला. हत्ती होता तिथे ठेवून मी राजा पुढे सरकवला. त्याने पट पाहिला, आपला राजा आडवा केला आणि नर्सला हाक मारायला सांगितली. ती कागद घेऊन आली. त्याने तिला सांगितलं, सही करणार नाही, उद्या घरी सोडा.

वहिनी आली तेव्हा त्यानेच तिला सांगितलं. ती माझ्याशी काही बोलली नाही. नंतरही नाही.

घरी पहिले सहा दिवस बरे गेले. खाट खिडकीपाशी ओढली होती. शेजारी येऊन बसायचे, दादा त्यांची थट्टा करायचा. मला वाटायला लागलं की मी योग्य तेच केलं. सातव्या दिवसापासून दुखणं वाढलं. गोळ्या पुरेनात, मग इंजेक्शनं, मग तीही पुरेनात. मजबूत हाडाचा माणूस, लेथवर बोट कापलं तरी ओरडला नव्हता. आता तो खाटेचा दांडा धरून कण्हायचा आणि वहिनी दुसऱ्या खोलीत कानांवर हात ठेवून बसायची. वेदना थोड्या कमी राहतील, हे सर्जनचं वाक्य मी वॉर्डात दादाला सांगितलंच नव्हतं. विसरलो नव्हतो. माझी दोन वाक्यं नेटकी झाली होती, त्यात ते बसलं नाही.

दहाव्या दिवशी मी कुणाला न सांगता सर्जनला फोन केला. आता शरीर भूल सोसणार नाही, तो म्हणाला.

अकराव्या दिवशी सकाळी मी खाटेजवळ बसलो होतो. दादाचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोपलाय.

"ते ऑपरेशन," तो म्हणाला. "अजून करतील का रे?"

वहिनी ओला पंचा घेऊन दारात उभी होती. खूप उत्तरं माझ्या तोंडाशी आली. विचारून बघतो. सर्जन बाहेरगावी आहे. आधी थोडी ताकद येऊ दे.

"नाही," मी म्हणालो. "आता नाही करणार."

त्याने मान हलवली. वहिनीने पुढे येऊन मला हाताने बाजूला केलं आणि त्याचं तोंड पुसायला घेतलं. त्यानंतर तो आठ दिवस होता. त्या आठ दिवसांत त्याने मला पुन्हा काही विचारलं नाही.