साडेआठचं पाणी

दुबईतल्या त्या क्लबचं स्टेडियम छोटंसं, भरलं तरी तीन हजार माणसांचं. त्या संध्याकाळी मात्र लोक पायऱ्यांवरही बसले होते. हिवाळी सरावासाठी दुबईला आलेला युरोपातला एक नामांकित संघ इथे मैत्रीचा सामना खेळणार होता. मैदानाची हिरवळ सांभाळायचा हर्णैचा मोहिद्दीन. बारा वर्षांत त्याच्या गवतावर एवढे मोठे खेळाडू उतरले नव्हते. बायको जैनब आणि दहा वर्षांची इनाया यांच्यासाठी त्याने दोन पास मागून घेतले होते.

मॅचआधी त्याच्या हाताखालचा केरू पंपरूममध्ये जाळी साफ करत होता. केरू साताऱ्याकडचा, वयाने मोठा.

"मोहिद्दीनभाई, गवताच्या साडेआठच्या पाण्याचा टायमर आज बंद करू का?"

"राहू दे, मीच करतो."

ते काम त्याचंच होतं. तेवढ्यात जैनबचा फोन आला, गेट सापडत नव्हतं. तो धावत गेला, दोघींना जागेवर बसवलं, इनायाला खालचे खेळाडू दाखवले, आणि टायमर डोक्यातून साफ निघून गेला.

दुसरा हाफ सुरू होऊन मिनिटही झालं नसेल. पाहुण्यांचा एक खेळाडू चेंडू घेऊन कडेने सुटला आणि त्याच्या पायाखालूनच पाण्याचे फवारे उसळले. तो चिंब भिजला, चेंडू तसाच बाहेर गेला, रेफरीने शिट्टी फुंकली. अख्खं स्टेडियम हसत सुटलं. शेकडो मोबाईल वर आले. मोहिद्दीनने धावत जाऊन टायमर बंद केला आणि परत येऊन पाहतो तर मैदानाच्या कडेला मॅनेजर अर्सलान लालबुंद होऊन उभा.

"ये किसने किया?"

बरोबर वरच्या कठड्यावर इनाया वाकून बघत होती. मोहिद्दीनच्या तोंडून निघून गेलं, "सर, पंपरूम में केरू था."

केरू तिथेच होता. त्याने एकदाच मोहिद्दीनकडे पाहिलं. मग म्हणाला, "गलती हो गया, सर."

"जॅकेट निकालो. यल्ला, बाहर!"

सगळ्यांदेखत केरूने क्लबचं जॅकेट काढलं, नीट घडी करून खुर्चीवर ठेवलं आणि तो निघून गेला. उरलेला खेळ मोहिद्दीनला दिसलाच नाही. त्याची नजर खाली गेली ती वर आलीच नाही.

मेट्रोत इनाया म्हणाली, "अब्बा, दॅट अंकल वॉज सो केअरलेस!"

"असं नाही बोलू गं," जैनब म्हणाली.

सकाळी कळलं की केरूला शहराबाहेर जबल अलीच्या रोपांच्या नर्सरीत पाठवलंय. मोहिद्दीन तडक अर्सलानकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. वाटलं, आता हा झापेल, आपल्यालाही हाकलेल.

अर्सलानने लॅपटॉपवरून मानही उचलली नाही. "अब बोल रहे हो? वहाँ आदमी चाहिए ही था. खलास."

झापलं असतं तर बरं वाटलं असतं.

रविवारी तो जबल अलीच्या कामगार कॅम्पवर गेला. केरूने त्याला खाटेवर बसवलं, चहा आणून दिला.

"केरूभाऊ, माझ्यामुळे तुमच्यावर..."

"पोरगी वर उभी होती तुमची," केरू म्हणाला. "मी बघितलं होतं. तिच्यासमोर बापानं बोलणी खाऊ नयेत, म्हणून मीच पुढं होऊन अंगावर घेणार होतो. पण त्याआधी तुम्हीच माझं नाव घेतलंत." आवाज चढला नव्हता. "तेवढं लागलं बघा."

मोहिद्दीनने हात जोडले. केरू हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. इथली रोपं उन्हाने करपतात, असं काहीबाही सांगत राहिला.

घरी आल्यावर त्याने इनायाला समोर बसवलं. "ते अंकल केअरलेस नव्हते, बेटा. टायमर मी विसरलो होतो. आणि मी खोटं बोललो."

स्वयंपाकघरातला जैनबचा हात थांबला.

"बट ही सेड सॉरी," इनाया म्हणाली.

"हो."

"व्हाय?"

तुझ्यासाठी, असं सांगायला मोहिद्दीनची जीभ रेटली नाही. इनायाने आपली वही उचलली आणि ती आईकडे जाऊन बसली.