मार्केलच्या उडीखाली

वर्नन पेटिग्रू बास्केटसमोर चेंडू डोक्यावर धरून उभा होता. मार्केल धावत आला, उडाला, आणि त्याचा गुडघा वर्ननच्या खांद्यावर आदळला. दोघेही आडवे झाले. बिस्मार्क शहरातला तो भरलेला हॉल कळवळला.

बास्केटबॉल लीगमधल्या निवडक खेळाडूंचा सामना होता आणि मध्यंतरात डंक स्पर्धेची, म्हणजे उंच उडी मारून चेंडू रिंगमध्ये ठोकण्याच्या चढाओढीची, अंतिम फेरी चालली होती. सहा हंगाम खेळूनही वर्ननला या सामन्याचं बोलावणं कधी आलं नव्हतं. आज तो आला होता तो फक्त बावीस वर्षांच्या मार्केलला त्याच्यावरून उडी मारता यावी म्हणून. तीन प्रयत्नांतला एक गेला.

"लागलं का रे, म्हाताऱ्या?"

"तू तुझी उडी बघ."

खांदा ठणकत होताच. पण वर्ननचा जीव अडकला होता जबड्यात. डिसेंबरात अशाच एका गुडघ्याने तो मोडला होता. पाच आठवडे दात तारांनी आवळलेले, नळीने सूप. मार्केल संघात आला तो तारा निघाल्यावर, जानेवारीअखेर; त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मार्केल पुन्हा धावला. वर्ननला नुसता गुडघा दिसत होता, जवळ येणारा. ऐन वेळी तो मटकन खाली बसला. मार्केलच्या हाती चेंडू लागलाच नाही. तो रिकाम्या हातांनी रिंगला लोंबकळला. लोक खो खो हसले.

"वर्नन, काय करतोस?" मार्केल हळू आवाजात म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "जाऊ दे. बाजूला हो, मी साधाच मारतो."

"साध्याने जिंकशील?"

"नाही."

"मग मी पाठ करून उभा राहतो. दिसलास की माझे पाय ऐकत नाहीत."

तो रिंगकडे तोंड करून उभा राहिला. दात घट्ट मिटले, चेंडू वर धरला. हॉल चिडीचूप झाला. मागून बुटांची करकर ऐकू आली, मग ती थांबली. हातातला चेंडू ओढला गेला, केसांना कापड घासलं आणि समोर रिंग खणखणली.

जिंकायला अठ्ठेचाळीस गुण हवे होते. पंचांनी सेहेचाळीस दिले.

कपडे बदलायच्या खोलीत बर्फाची पिशवी खांद्यावर धरून वर्ननने जबड्याची हकिगत सांगितली. मार्केल उसळलाच.

"वेडा आहेस का तू? आधी सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू दुसऱ्या कुणाला उभं केलं असतंस."

मार्केल वर्ननपुढे गुडघे टेकून बसला आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडू लागला; वर्ननचा त्या खांद्याचा हात आता हलत नव्हता.