इथी मंजे कुठी

कमळा घागर घेऊन विहिरीवर आली आणि बायांचं बोलणं खटकन तुटलं. रहाटाचा दोर तेवढा करकरत राहिला. चार दिवसांआधी 'मेंबरीणबाई, आधी तुमी भरा' म्हणून जागा देणाऱ्या या बाया. आज पदर सावरून पाठमोऱ्या झाल्या. भरलेली घागर डोक्यावर घेऊन ती वळली, तशी मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "पानी कायले नेते वो? घरी मध हाये ना." आणि दाबून धरलेलं हसू फसकन सुटलं.

चोपन सालची ही गोष्ट. देवाडी म्हणजे पोंभुर्ण्याच्या रानातलं शंभर उंबऱ्यांचं धानाचं गाव. गावाला खेटून नाला आणि नाल्यापल्याड मोहटोला, गोंडांची तीस घरं. पावसाळ्याचे चार महिने नाला कुणाचं ऐकत नसे. इकडचा इकडे, तिकडचा तिकडे. कमळाचा नवरा वारलू देवळातल्या भजनी मंडळाचा वीणेकरी. गळा असा, की ऐकणाऱ्याच्या हातातला घास हातात राहावा. बोलणं मात्र मोजकं. मंडळाचे आणि गावाचेही पुढारी गुणवंतराव. तालुक्याच्या जनपद सभेच्या निवडणुकीत त्यांनीच वारलूला उभं केलं. "पोरगा सरळ हाये," ते सगळ्यांना सांगत फिरले, "मी चरण म्हनतो, तो ध्रुपद धरते. सभेतबी तसंच होईल." म्हणजे काय, तर माणूस री ओढणारा आहे. गावानं भरभरून मतं टाकली.

आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी चांद्याला सभा भरली. या भागाला एकच शाळा मंजूर झाली होती. देवाडीला द्यायची की मोहटोल्याला, यावर मेंबर समसमान फुटले. शेवटचा हात वारलूचा. तो मोहटोल्यासाठी वर गेला.

मुखरूनं आपल्या बैलांच्या दमणीत बसवून वारलूला सभेला नेलं होतं. खिडकीतून त्यानं तो हात डोळ्यांनी पाहिला, आणि रिकामी दमणी दामटत गावात येऊन ओरडला, "आपलाच बैल दुसऱ्याच्या आवतात गेला गा!" वारलू मागून पायी आला. दोन दिवस लागले त्याला. तोवर गावानं ठरवून टाकलं होतं, की गडी काहीतरी खाऊन बसला आहे. काय खाल्लं, एवढंच शोधायचं बाकी होतं.

तो आला त्याच संध्याकाळी गुणवंतराव आणि मुखरू वारलूच्या ओसरीवर येऊन बसले. कमळानं पाणी आणलं. गुणवंतरावांनी तांब्याला हात लावला नाही.

"वारलू, खरं सांग. काय भेटलं?"

"काई नाई, भाऊ."

"मंग हात काऊन उचलला?"

"शब्द देल्ला होता."

"कोनाले? आमाले देल्ला होता!" गुणवंतराव मांडीवर थाप मारून म्हणाले. "मागच्या माघात, भर सप्त्यात, वीणा गळ्यात असतानी बोलला तू. निवडून आलो त शाळा इथी आनीन. इथी! टाळ्या कोनं वाजवल्या? आमी!"

"तसंच बोललो होतो."

"मंग?"

वारलू मान खाली घालून अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. मुखरूची नजर तेवढ्यात घरात फिरून आली. फळीवर एक नवं गाडगं होतं, तोंडाला पळसाचं पान बांधलेलं.

"ते काय हाये, वहिनी?"

कमळा म्हणाली, "मध. टोल्यावरच्या मंगलीनं आनला. याईचा घसा बसला होता म्हनून. मी तांदूळ देल्ले बदल्यात."

"कवा आनला?"

"संक्रांतीच्या आदल्या दिसी."

मुखरूनं गुणवंतरावांकडे पाहिलं. गुणवंतरावांनी गाडग्याकडे पाहिलं. न बोलताच निकाल लागला. उठता उठता गुणवंतराव म्हणाले, "यंदाच्या सप्त्यात वीणेचा पहारा तुले नाई. तुह्या जागी मुखरू उभा राहील."

वारलूचा चेहरा राखेसारखा झाला.

ज्यानं सप्ताह पाहिला आहे, त्याला हे सांगायला नको. सात दिवस सात रात्री नाम तुटत नाही आणि वीणा भुईला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघते, ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. वीणा गळ्यात असताना माणूस बसत नाही, खात नाही आणि खोटं बोलत नाही. कारण त्या वेळी तो आपला नसतो, देवाचा असतो. वारलू पंधराव्या वर्षापासून हा पहारा करत आला होता. मेंबरकी त्याच्या अंगावर घातलेला अंगरखा होती. वीणा ही कातडी होती.

माणसं गेली. कमळा चुलीपुढे बसून राहिली. तिला गावासारखा संशय नव्हता. मध तर तिनंच मोजून घेतला होता. तिचा संशय निराळा, आणि जास्त टोचणारा. सभेच्या आधी तीन संध्याकाळी वारलू उशिरा घरी आला होता. "शेतावर गेलतो," म्हणाला. पण धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. त्यांचं शेत नाल्याच्या अलीकडे, आणि पौषात धानाच्या बांधीत गुडघाभर पाणी कुठून येणार? ती तेव्हा काही बोलली नाही. आता बोलली.

"अवो चंदाचे बाबा, तुमी टोल्यावर कायले गेलते?"

वारलू भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्यानं घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. मग म्हणाला, "झोप."

जो माणूस उभ्या जन्मात तिच्याशी खोटं बोलला नाही, तो तीनदा बोलला. कशासाठी? सप्त्यात तो शब्द दिला गेला तेव्हा कमळा महाप्रसादाच्या चुलीवर भात उपसत होती. तिच्या कानावर टाळ्याच तेवढ्या आल्या होत्या. नवरा नेमकं काय बोलला, हे तिनं सगळ्यांकडून ऐकलं होतं, त्याच्या तोंडून नाही. आता तिला त्या टाळ्यांचाही संशय यायला लागला.

पुढचे आठ दिवस वाईट गेले. मळणीला दर वर्षी येणारे शेजाऱ्यांचे बैल आले नाहीत. खळ्यात वारलू एकटाच धान झोडपत बसला. रस्त्यानं जाणारा येणारा विचारायचा, "मेंबर, गोड लागते का?" लेक चंदा रडत घरी आली, कारण खेळातल्या पोरींनी तिचं नाव 'मधमाशी' ठेवलं होतं. आणि कमळा, जी रोज काकड्याला देवळात जायची, ती आता देवळाच्या मागच्या वाटेनं जाऊ लागली. देवापुढे उभं राहावं, तर मनात नवऱ्याविषयी किल्मिष. असलं मन घेऊन हात जोडायचे कसे?

एका दुपारी तिनं लुगडं खोचलं, नाला ओलांडला आणि मोहटोल्यावर गेली.

मंगली अंगणात चारोळी फोडत होती. तिचा म्हातारा सासरा जंगू उन्हात दोर वळत बसला होता. टोल्याचा तोच जाणता. कमळा बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "जंगूबाबा, आमचा मानूस तीन डाव तुमच्याकडं आला. कायले आला होता?"

जंगूनं दोर बाजूला ठेवला. मंगली हातातला दगड तसाच धरून सासऱ्याकडे पाहू लागली.

"सांगू का, सून?" म्हाताऱ्यानं मंगलीला विचारलं.

"सांगा. त्याईनं घरी सांगतलं नाई, दिसतेच ना."

"शब्द वापस मागायले आला होता," जंगू म्हणाला.

कमळाला आधी समजलंच नाही.

मग म्हातारा उठून तिला मोहाच्या झाडांखाली घेऊन गेला. तिथे जमिनीत खांब रोवल्याचे खळगे अजून दिसत होते, मातीनं अर्धे बुजलेले. मागच्या साली देवळाच्या छपराची कवेलू उतरवली होती, म्हणून सप्त्याचा मांडव नाल्यापल्याड, या सावलीत पडला होता. देवाडीनं देव आणला, मोहटोल्यानं बांबू तोडून मांडव उभारला. देवाडीचे लोक मांडवात बसले. टोल्याचे लोक मांडवाबाहेर, मोहाच्या बुंध्यांना टेकून.

"इथी उभा होता तुहा मानूस," जंगूनं एका खळग्याजवळ काठी टेकवली. "मनला, शाळा इथी आनीन. तुमचे लोक टाळ्या पिटून राह्यले. मले समजलं नाई. मी उठून इचारलं, बाबा, इथी मंजे कुठी? तुमच्या गावात, का इथी? तर मांडव सारा हसला. मनत, म्हातारा खुळा हाये."

"अन् हे?"

"तो नाई हसला. खाली पायाकडं पाह्यलं अन् मनला, जिथी माहे पाय हायेत तिथी."

कमळा त्या खळग्याकडे बघत राहिली. तिच्या लक्षात आलं, की तो शब्द वारलूच्या तोंडून चुकून गेला असणार. त्याच्याही मनात देवाडीच असणार. म्हाताऱ्यानं भोळेपणानं विचारलं, आणि वीणा गळ्यात असलेल्या माणसानं खाली पाहिलं, तर पाय भलत्याच मातीत.

"मंग वापस काऊन नाई देल्ला तुमी शब्द?" ती जवळजवळ ओरडलीच. "आमचं घर बसलं, बाबा!"

जंगूनं कान पकडले. "बाई, आमी कुठी घेतला? त्यालेबी तेच मनलं. तुवा शब्द तुह्या देवाले देल्ला, आमी बाजूले बसून आयकला. मागायचा त त्याले माग."

परत येताना नाल्याच्या मधोमध कमळा थांबली. पाणी गुडघ्याशी होतं. इथूनच तो तीनदा गेला आणि तीनदा रिकाम्या हातानं परत आला.

रात्रीचं जेवण वाढताना ती एवढंच म्हणाली, "इथी मंजे कुठी, ते समजलं मले. तुमी गावाले सांगत काऊन नाई?"

वारलूनं घास खाली ठेवला. "नवीन काय सांगू? त्याईनं ऐकलं हाये सारं. न ऐकल्याले सांगता येते. ऐकून बसल्याले काय सांगू?"

माघ उजाडला. सप्ताह बसला, या खेपेला गावातल्या देवळात. पहिले चार दिवस वारलू पायरीखाली टाळ घेऊन उभा राही आणि मागच्या मागे नाम घेई. कुणी त्याला वर ये म्हणत नव्हतं, कुणी जा म्हणत नव्हतं. त्याच्या शेजारी दोन हात जागा मोकळी राही.

पाचव्या दिवशी सकाळचा पहारा गुणवंतरावांचा होता. त्यांच्यानंतर वारलूची पाळी, जी आता मुखरूची झाली होती. ऊन डोक्यावर आलं. मुखरू हातपाय धुऊन, कपाळाला बुक्का लावून पुढे झाला. गुणवंतरावांनी वीणेच्या पट्ट्याला हात घातला, आणि बायांच्या बाजूनं कमळा उठली.

तिनं आवाज चढवला नाही. नाम चालू होतं. ते तोडायचं पाप तिला घ्यायचं नव्हतं. ती पुढे आली, वीणेला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "गुणवंतभाऊ, काढू नोका. वीणा गळ्यात हाये तवरच एक इचाराचं हाये. मागच्या साली जंगूबाबानं उठून इचारलं, इथी मंजे कुठी. तवा तुमी मांडवात होते का नाई?"

टाळ मंदावले, पण थांबले नाहीत. गुणवंतरावांचा हात पट्ट्यावर राहिला.

"बाईमानसानं इथी..." मुखरू म्हणू लागला.

"तुमाले नाई इचारलं, मुखरूभाऊ. वीणा तुमच्या गळ्यात नाई अजून."

गुणवंतराव वीणेच्या खुंट्यांकडे पाहत होते. माणूस हट्टी होता, गावासाठी भांडणारा होता. पण सप्त्याचा होता. पट्टा काढला असता तर सुटले असते. त्यांनी तो काढला नाही.

"होतो," ते म्हणाले.

"हे काय बोलले?"

गुणवंतरावांनी वीणा छातीशी धरली.

"जिथी पाय हायेत तिथी, म्हने." ते म्हणाले. "ऐकलं होतं मी. पन म्हातारा गोंड, त्याच्यासंग गंमत केली असंल असं धरलं. आपल्यालेच बोलला असं धरलं."

मुखरू एक पाऊल मागे सरला. त्याचं तोंड उतरलं होतं. "मीबी हसलो होतो गा," तो कुणाला तरी म्हणाला, की स्वतःलाच, कळलं नाही.

गुणवंतरावांनी पायरीखाली पाहिलं. "ये," म्हणाले.

वारलू वर आला. टाळ त्यानं पायरीवर ठेवला. गुणवंतरावांनी वीणा काढली आणि त्याच्या गळ्यात घातली. वारलू त्यांच्या पायांवर वाकला. रीतीप्रमाणे त्यांनीही वाकायला हवं होतं. ते अर्धे वाकले आणि थांबले.

"शाळा गावची होती, वारलू. मी पुन्यांदा भांडीन. तुह्यासंगच भांडीन."

"भांडा, भाऊ."

मग ते उरलेले वाकले.

कमळा परत बायांत येऊन बसली. जागा झाली. तेवढ्यात खांबाआडून मुखरूचं तोंड पुढे आलं. माणसाचा संशय हा काही एका दिवसात पिकत नाही आणि एका दिवसात गळतही नाही. तो कुजबुजला, "वहिनी, पन त्या मधाच्या बदल्यात तांदूळ देल्ले म्हनता, ते कितीक?"

"एक पायली. अन् मोजाची पायली तुमच्याच घरून उसनी आनली होती, भाऊ. घरी जाऊन बायकोले इचारा."

बाया पदरात हसल्या, या खेपेला मुखरूला. वर वारलूचा बसलेला गळा आधी फाटला, मग सापडला, आणि नाम देवळाबाहेर, नाल्याकडे निघालं. त्याच्या मागे एकेक आवाज येऊन मिळू लागला. गुणवंतरावांचे ओठ अजून मिटलेलेच होते. पण कुणीतरी त्यांच्या हाती टाळ दिला होता, आणि तो वाजत होता.