तोरणातलं नाव

गुरम्मानं दारावरचं नावं विणलेलं क्रोशाचं तोरण काढलं तेव्हा गंगम्माला वाटलं, सासूबाईंना धुणं सुचलं. दिवाळीतसुद्धा त्या तोरणाला हात न लावणारी बाई आपणहून पाटावर चढते म्हणजे काहीतरी मनात असणारच. पण गंगम्मा पडली भोळी. तिनं तोरण हातात घेतलं आणि धूळ झटकली.

"एक तुकडा बदलायचा हाय," गुरम्मा म्हणाली. "लोकांचे फाटके रुमाल नव्यासारखे करून देतीस की. मग घरचं कर."

"कुटं फाटलंय, आत्याबाई?"

"फाटलं न्हाय. तुझं नाव तेवढं काढ. तितं कस्तुरा घाल."

गंगम्मा उंबऱ्यावर बसली. कस्तुरा तिची पाठची बहीण, मोहोळला माहेरी असायची. लग्नाला इतकी वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता, तेव्हा या घरात आपली जागा किती दिवस राहते याचा घोर गंगम्माला रोजच होता. सवत येईल हे भय काही नवं नव्हतं. पण ती आपल्याच आईच्या पोटची असेल, आणि तिचं नाव आपल्याच हातांनी विणावं लागेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"माझे अप्पा तयार झाले?" तिनं विचारलं.

"सुपारी फुटली की गेल्या सोमवारी. शिवा सोता गेलता. म्हणाला, तूच सांग तिला. परक्याची आणण्यापरास घरातली बरी न्हवं? तुलाबी सोबत."

सोमवारी नवरा मोहोळहून आला तो तिच्या आईनं दिलेली शेंगाचटणी घेऊन. शहरावरचा इंग्रजांचा मार्शल लॉ उठून वर्ष होत आलं तरी धंदा बसलेलाच आहे, गिऱ्हाईक बघायला गेलो होतो, असं तो म्हणाला होता. गंगम्मानं ती चटणी भाकरीबरोबर मिटक्या मारत खाल्ली होती. आईनंसुद्धा कळवू नये?

तोरण मांडीवर पसरलं होतं. ते तिनं विणायला घेतलं तेव्हा सोयरीक जुळायची होती, म्हणून आधी स्वतःचं नाव घातलं आणि लग्न ठरल्यावर पुढं नवऱ्याचं. बायकोचं नाव आधी बघून रुखवतापुढं बायका पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. गुरम्माचे टोमणे तर अजून चालू होते.

तिचं नाव काढणं कठीण मुळीच नव्हतं. एक धागा कापायचा, एक ओळ सोडवायची, मोकळी झालेली घरं सुईवर उचलायची आणि नवा तुकडा जोडायचा. उंदरांनी कुरतडलेले कितीतरी रुमाल तिनं असे सांधले होते. एक नाव गेलं असतं, दुसरं राहिलं असतं, आणि सांधा कुणाच्या बापाला दिसला नसता.

गुरम्मा चुलीकडं गेली. गंगम्मानं कातर उचलली, आणि खाली ठेवली. मग तिनं तोरणाच्या टोकाची शेवटची गाठ सोडवून धागा ओढला. क्रोशाचं काम शेवटाकडून भराभर उसवतं. आधी शेवटचा काना गेला, मग जोडाक्षर गेलं. तिचे हात थांबले नाहीत.

गुरम्मा परतली तेव्हा शिवप्पा दुकानातून येऊन दारात चप्पल काढत होता. सासूनं तोरण बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

"अगं, हे कुणाचं नाव उसवलंस?"

उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव गंगम्माच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. तिनं मान वर केली आणि सरळ त्याच्याकडं बघितलं.

"शिवप्पाचं," ती म्हणाली. "माझं हाय तितंच हाय."

एक चप्पल पायात, एक हातात, असा शिवप्पा उभाच राहिला. गुरम्मानं भिंतीला हात टेकला. गंगम्मा उसवलेला धागा गुंडाळत बसली.